झाडाचा सोशिकपणा आणि आपली सोय

झाडाच्या सोशिकपणाचे कौतुक आता पुरे झाले. पहिलीच्या वर्गापासून आपण मुलांना शिकवीत आलो आहोत की, झाड म्हणजे मूर्तिमंत संत. ते ऊन सोसते, पाऊस सोसते, दगड मारणाऱ्याला फळ देते आणि कुऱ्हाड घेऊन आलेल्याच्याही डोक्यावर सावली धरते. ‘माझा आवडता वृक्ष’ या निबंधात एवढे लिहिले की दहापैकी आठ गुण ठरलेले. मीही हयातभर वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, आणि असे निबंध लिहून आलेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी बसत. त्यांच्या डोक्यातून हा संत काढता काढता माझे पहिले सहा महिने जात.

कोणी म्हणेल, यात एवढे चिडण्यासारखे काय आहे? मुलांना झाडाविषयी प्रेम वाटले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की, ज्याला आपण सोशिक म्हणतो त्याच्यावर आणखी थोडे ओझे टाकायला आपली हरकत नसते. घरातल्या सोशिक सुनेचे काय होते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. ‘ती काही बोलत नाही’ याचा अर्थ ‘तिला काही होत नाही’ असा लावला जातो, आणि हा अर्थ लावणाऱ्यांच्या सोयीचा असतो. झाडाच्या बाबतीत तेच झाले आहे. गावोगाव वडाला, चिंचेला, कडुलिंबाला आपण सिमेंटमध्ये गळ्यापर्यंत पुरले, खिळे ठोकले, रस्त्याच्या बाजूची मुळे यंत्राने ओरबाडून काढली. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याला पालवी फुटलेली पाहून ‘बघा, काही झाले नाही!’ असे म्हणून मोकळे झालो.

हा अडाणीपणा असता तर मी हा लेख लिहिला नसता. अडाण्याला शिकवता येते. परंतु मी राहतो त्या दिंडोरी तालुक्यात तरी अडाणीपणाची सबब चालणार नाही. झाडाला ताण पडला म्हणजे त्याच्या अंगात काय काय होते, हे आमच्या द्राक्ष बागायतदाराइतके जाणणारा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. दिवाळीच्या दिवसांत मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर या बाजूला कोणी आले तर त्याला हे दिसेल. सारा देश दिवे लावीत असतो, तेव्हा आमचा शेतकरी नुकत्याच छाटलेल्या बागेत डोळे मोजीत फिरत असतो. द्राक्ष ही मूळची थंड मुलखातली वेल. तिकडे हिवाळा तिला झोपवतो आणि वसंत जागे करतो. आमच्याकडे तिला झोपवील असा हिवाळा नाही. म्हणून आम्ही तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतरच्या कडक उन्हात नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. त्या दिवसांत आभाळ धरले किंवा पाणी जास्त झाले तर वेल नुसती फोफावते आणि डोळा वांझ राहतो. म्हणून शेतकरी हिशेबाने पाणी तोडतो, शेंडा मारतो, वाढ रोखणारे औषध फवारतो. ऑक्टोबरात छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचा लेप देतो; त्याने डोळ्यातल्या पेशींचा श्वास क्षणभर विस्कळित होतो आणि त्या धक्क्याने झोपलेला डोळा जागा होतो. माल निघाल्यावर वेलीला विश्रांती दिली नाही तर काडीत अन्नसाठा राहत नाही, आणि अन्नसाठा नसलेली काडी पुढच्या वर्षी दगा देते, हेही त्याला ठाऊक असते. अलीकडच्या काळात तर खारे पाणी आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी बहुतेक बागा डॉगरिजसारख्या परदेशी खुंटावर कलम करून उभ्या आहेत. म्हणजे वेलीचा वरचा भाग एका जातीचा आणि मुळे दुसऱ्या जातीची, केवळ मुळांना ताण सोसावा म्हणून!

शेजारच्या कळवण-सटाणा-मालेगावकडे गेलात तर डाळिंबवाला तुम्हाला ‘ताण देणे’ हा शब्द याच अर्थाने ऐकवील. बहार धरायचा म्हणजे आधी झाडाचे पाणी तोडायचे, पाने गाळायची आणि मग एकदम पाणी सोडायचे. झाड फुलांनी लालेलाल होते. ‘ताण’ हा शब्द मानसशास्त्रज्ञांनी आपल्या डोक्यात भरला त्याच्या कितीतरी आधीपासून तो आमच्या बागेत होता. तेथे तो मोजून द्यायचा, ठरलेल्या दिवशी तोडायचा आणि नंतर भरपाई करायची असा असतो.

आता हाच शेतकरी बाग सोडून गावात येतो, ग्रामपंचायतीच्या बैठकीत बसतो आणि वेशीवरच्या वडाभोवती चौफेर काँक्रीट घालायच्या ठरावाला हात वर करतो. बागेतल्या वेलीच्या मुळाशी पाणी साचले तर जो रात्री दोन वाजता उठून चर काढील, त्याला गावाच्या वडालाही मुळे आहेत याची आठवण राहत नाही. वेल त्याची आहे, वड गावाचा आहे. रोगाचे मूळ मला येथे दिसते, आणि याला अज्ञान म्हणणे म्हणजे त्याच्यावर पांघरूण घालणे आहे.

वाचकहो, प्रत्यक्ष झाडाच्या आत काय चालते ते थोडे पाहू. कंटाळू नका, कोणत्याही रहस्यकथेइतके ते रंजक आहे.

झाडात पाणी वर चढते ते कोणी खालून ढकलते म्हणून नव्हे. पानांतून वाफ निघून जाते आणि तिच्या जागी खालचे पाणी ओढले जाते. मुळापासून शेंड्यापर्यंत काष्ठाच्या बारीक नळ्यांतून पाण्याचे अखंड धागे ताणलेले असतात. डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ साली हे मांडले, तेव्हा पाण्याचा धागा असा ताणला जाईल यावर विश्वास ठेवणे पुष्कळांना जड गेले होते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडू लागली की हा धागा जास्त जास्त ताणला जातो आणि एका मर्यादेपलीकडे तुटतो. तुटला की त्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एक नाजूक कंपनग्राहक लावून हे तुटणे ऐकले, आणि तेही कशात? आपल्या बांधावरच्या एरंडाच्या पानात. पान सुकू लागले तसे टक् टक् आवाज येऊ लागले. २०२३ साली तेल अवीव विद्यापीठातल्या मंडळींनी टोमॅटो आणि तंबाखू यांच्या रोपांवर हाच प्रकार दुरून, हवेतून टिपला. पाणी तोडलेले रोप तासाला तीस ते पन्नास टिचक्या वाजवीत होते. सुखात असलेले रोप तासाला एकही नाही. माणसाच्या कानाला हा आवाज ऐकू येत नाही, इतका तो उंच पट्टीचा असतो.

ही बातमी आपल्याकडे कशी आली? ‘झाडे किंचाळतात!’ ‘वनस्पती रडतात!’ मला या मथळ्यांचा सिमेंटवाल्यांच्या खालोखाल राग आहे. पाण्याचा धागा तुटल्याचा आवाज म्हणजे किंकाळी नव्हे. गुडघा वाजला म्हणून कोणी गुडघा बोलला असे म्हणत नाही. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी फरीदपूरचे ते प्रार्थना करणारे खजुराचे झाड जगाला दाखवले होते. संध्याकाळी ते वाकून जमिनीला टेके आणि सकाळी पुन्हा उठे. लोकांनी त्यात देवळाची घंटा आणि भक्ती पाहिली. बसूंनी यंत्र लावून मोजले आणि दाखवले की ही हालचाल तापमानाबरोबर चालते. भक्ती गेली म्हणून झाडाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट, झाड सतत काहीतरी जाणत असते हे सिद्ध झाले. आज मात्र आपण उलट्या दिशेने निघालो आहोत. मोजलेल्या गोष्टीवर हळवेपणाचा शेंदूर फासतो आणि नमस्कार करून पुढे चालू लागतो. झाड रडते असे म्हणणाऱ्या माणसाला त्याचे अश्रू पुसले की आपले काम झाले असे वाटते. मुळावरचा दगड मात्र तसाच राहतो.

असो. धागा तुटू नये म्हणून झाड काय करते, ते पाहण्यासारखे आहे. पानाच्या खालच्या अंगाला लक्षावधी सूक्ष्म तोंडे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ताण पडला की झाड ती मिटून घेते. मिटण्याचा हुकूम जातो तो ॲब्सिसिक आम्ल नावाच्या द्रव्याकरवी. १९६० च्या दशकात हे द्रव्य हाती लागले, अमेरिकेत कापसाच्या बोंडाची गळ अभ्यासताना आणि इंग्लंडात झाडांच्या हिवाळी झोपेचा शोध घेताना, जवळजवळ एकाच वेळी. पुढे एक फार चतुर प्रयोग झाला. सफरचंदाच्या रोपाची अर्धी मुळे एका कुंडीत आणि अर्धी दुसऱ्या कुंडीत ठेवली. एकीला पाणी दिले, दुसरी कोरडी ठेवली. पानांना पाणी कमी पडत नव्हते, तरीही पानांची वाढ मंदावली. कारण कोरड्या मुळांनी वर सांगावा धाडला होता. मग ती कोरडी मुळे कापून टाकली, तर वाढ पुन्हा सुरू झाली! ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षबागांत याच तत्त्वावर वेलीच्या एका अंगाला आलटून पालटून पाणी देण्याची पद्धत निघाली.

पण रंध्रे मिटणे फुकट नसते. ज्या तोंडाने पाणी बाहेर जाते त्याच तोंडाने कार्बन वायू आत येतो, आणि झाडाचे सारे अन्न त्या वायूपासून बनते. तोंड मिटले की तहान आवरली जाते, पण उपासमार सुरू होते. शिवाय वाफ निघणे थांबले की पान तापते. आपण घामाने थंड होतो तसे पान वाफेने थंड होते. भोवती डांबर आणि काँक्रीट असेल तर खालून भट्टीची धग आणि वर सूर्य. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पानांतली अन्न शिजवण्याची यंत्रणा, पानाचे स्वतःचे तापमान सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांच्या वर गेले की बिघडू लागते. मेच्या दुपारी रस्त्याकडेच्या झाडाचे पान त्या उंबरठ्यापासून फार दूर नसते. अशा वेळी झाड निमूटपणे उभे दिसते. निमूटपणे! त्याच्या आत त्या क्षणी जेवढी उलाढाल चाललेली असते तेवढी आमच्या पिंपळगावच्या बाजारातही होत नसेल.

मुळांविषयी तर आपले ज्ञान चित्रातल्या झाडावर भागते. चित्रात वर जेवढा पसारा तेवढाच खाली, सरळ पाताळात गेलेला. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात, आणि पानांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. या मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना हवा मिळते. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा शहरी पाहुण्याला ती दुष्काळाची खूण वाटते. पण त्या भेगांतून जमीन वर्षभराचा श्वास घेते. म्हातारे शेतकरी म्हणत, काळी माती आपली आपण नांगरून घेते. तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवा, मग भेग कोठून पडणार?

हवा तुटली की मुळे आंबू लागतात. प्राणवायूवाचून साखर जाळायची म्हणजे हातात येते थोडी शक्ती आणि साठते मद्यार्क. त्याच वेळी मुळांत इथिलीन या वायूचा पूर्वज असलेले द्रव्य तयार होऊन वर चढते, आणि पाने पिवळी पडून माना टाकतात. रंध्रेही मिटतात. म्हणून पाण्यात उभे असलेले पीक तहानेल्यासारखे सुकते. ओझरखेडच्या नाही तर पालखेडच्या लाभक्षेत्रातला कोणताही शेतकरी हे पाहून मोठा झाला आहे. काँक्रीटखालच्या वडाचे नेमके हेच होते. फरक इतकाच की पीक चार दिवसांत सांगते आणि वड चार वर्षांनी.

तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा प्रचंड वड आहे. वय सातशे वर्षांचे सांगतात. २०१८ साली त्याच्या फांद्या वाळवीने पोखरून कोसळू लागल्या, तेव्हा त्याला दवाखान्यातल्या रोग्याप्रमाणे बाटल्या टांगून थेंबथेंब औषध दिले गेले. त्याची छायाचित्रे देशभर छापून आली आणि ‘झाडाला सलाईन’ म्हणून लोक हळहळले. वाळवी हे निमित्त असते. धडधाकट झाड वाळवीला सहसा दाद देत नाही; ती मेलेल्या लाकडाची वास काढीत येते. औषधाच्या बाटल्या टांगण्याची पाळी आली म्हणजे समजावे की त्याआधी कित्येक वर्षे त्या झाडाचे खाते उणे चालले होते.

झाडाचे खाते ही माझ्या मते मुद्द्याची गोष्ट आहे. आपल्या खोडात आणि मुळांत झाड पिष्ट साठवून ठेवते. ताजे कापलेले लाकूड आयोडीनमध्ये बुडवले तर तेथे निळेकाळे ठिपके उमटतात. शाळेच्या प्रयोगशाळेतही हे दाखवता येते. संकट आले की झाड या ठेवीवर जगते. नवी पालवी, नवी मुळे, जखमेभोवतीची भिंत, किडीविरुद्धचे कडू रस, हे सारे ठेवीतून. ठेव संपेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. आणि संपत आली की कधी कधी झाड विलक्षण फुलते. ताण दिल्यावर डाळिंब का फुलते, तेच येथेही. मरू घातलेला आंबा शेवटच्या वर्षी वाकून फळतो, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. ती म्हणायची, ‘लेकरांची सोय लावून चालला तो.’ वाक्य हळवे आहे, पण निदान अचूक आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात सहा कडुलिंब होते. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशा शाळा पन्नास आहेत. चिखल होतो म्हणून सगळे आवार ब्लॉकने मढवले गेले, अगदी बुंध्याला टेकून. मी अर्ज केला की निदान चार-चार फूट माती उघडी ठेवा. उत्तर आले की, निधी संपूर्ण आवारासाठी मंजूर आहे, तुकड्यासाठी नाही. तिसऱ्या वर्षी चैत्रात त्या लिंबांना असा मोहोर आला की वासाने वर्ग भरून गेले. तेथील एका पदाधिकाऱ्याने मला मुद्दाम बोलावून ते दाखवले आणि हसून म्हणाले, ‘काय सर, तुमचे शास्त्र काय म्हणते?’ मी म्हटले, ‘शास्त्र म्हणते, थांबा.’ पाचव्या वर्षी दोघांचे शेंडे वाळले, सातव्या वर्षी चार झाडे गेली. पंचनाम्यात कारण लिहिले: कीड. ब्लॉक बसवणाऱ्या ठेकेदाराचे बिल तोवर केव्हाच निघालेले होते, पदाधिकारी बदलले होते, आणि ज्या मुलांनी ब्लॉक बसताना पाहिले ती शाळा सोडून गेली होती. मृत्यू इतका सावकाश आला की आरोपी कोणीच उरला नाही. झाड जर ब्लॉक बसवल्याच्या आठव्या दिवशी वाळले असते, तर माझी खात्री आहे, महाराष्ट्रात एकाही झाडाभोवती ब्लॉक बसला नसता.

तीच गोष्ट जखमेची. आपण म्हणतो, झाडाची जखम भरून येते. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की झाडाची जखम कधीच भरत नाही. आपल्या अंगाला खरचटले तर जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाला ती सोय नाही. ते जखमी भागाभोवती रासायनिक भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवीत वाढत राहते. खिळा ठोकला, फलक टांगला, फलक पडला, खिळा लाकडात बुडाला. पंचवीस वर्षांनी झाड चिरा, ती जखम त्याच जागी तशीच सापडेल. प्रत्येक कोंडवाड्यामागे झाडाची तेवढी जागा साठवणुकीला आणि वाहतुकीला कायमची बाद होते. दिवाळीच्या अंकात लिहायला संकोच वाटतो, पण आता चौकातल्या झाडांवर दिव्यांच्या माळा खिळ्यांनी ठोकण्याची टूम निघाली आहे. रोषणाई करावी, कोण नको म्हणतो? सुतळीने बांधावी आणि भाऊबीज झाली की उतरवावी. वर्षभर दिवे जळत ठेवले तर झाडाची रात्र हरवते. रात्रीच्या लांबीवरून झाड ऋतू ओळखते. १९३६ सालीच न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते की रस्त्यावरच्या दिव्यांलगतच्या फांद्यांवर पाने इतर फांद्यांपेक्षा उशिरापर्यंत टिकून राहतात. ते पाहून कोणाला आनंद होईल, पण गळायच्या वेळी न गळणारे पान म्हणजे झाडाचे चुकलेले वेळापत्रक होय.

आता माझ्याविरुद्धचा आक्षेप. मला तो प्रत्येक सभेत ऐकावा लागतो, आणि तो टाकाऊ नाही. ‘सर, आपली झाडे काटक आहेत. पळस बघा, सालई बघा. एप्रिलात पान नाही, पाणी नाही, तरी उभी. आणि पिंपळ तर सिमेंटच्या भिंतीत उगवतो. त्याला तुमचे काँक्रीट काय करणार?’

पळसाचे आधी घेतो. पेठच्या बाजूच्या डोंगरांवर पळस उन्हाळ्याच्या तोंडी पाने झाडतो, पण त्याआधी पानांतले नत्र आणि स्फुरद काढून घेतो, देठाशी पेशींचा एक पडदा बांधतो आणि मगच पान सोडतो. आवराआवर करून, कुलूप लावून गावाला जाणाऱ्या माणसासारखे आहे ते. दरवर्षी येणारा, ओळखीचा ताण. लक्षावधी वर्षांत या जातीने त्याचे उत्तर शोधून ठेवले आहे. मुळावरची हवा कायमची बंद होणे हा ताण तिच्या इतिहासात कधी आलाच नाही, म्हणून त्याचे उत्तरही तिच्यापाशी नाही. उपासाची सवय असलेल्या माणसाला नाक दाबूनही जगता येईल, असे कोणी म्हणत नाही.

आणि पिंपळ. भिंतीतला पिंपळ हा आक्षेपकांचा लाडका साक्षीदार. पण उलटतपासणीत तो माझ्या बाजूने बोलतो. वड-पिंपळाची जात रानात पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, खडकाच्या फटीत जन्म घेते. पाखराने टाकलेले बी तेथे रुजते. भिंतीच्या भेगेत माती नसते, पाणी जेमतेम असते; हवा मात्र भरपूर असते. त्या पिंपळाची मुळे भिंतीच्या अंगावरून, उघड्यावर, मोकळा श्वास घेत उतरतात. वडाच्या पारंब्या तरी काय आहेत? हवेत वाढणारी मुळेच ती. ज्या झाडाने हवेवर एवढी भिस्त ठेवली आहे, त्याच्या पायाशी आपण सिमेंट ओततो आणि वटपौर्णिमेला त्यालाच सूत गुंडाळून दीर्घायुष्य मागतो! पारालाही माझा विरोध नाही. जुने पार दगडमातीचे असत, फटीफटींतून पाणी जिरे, गवत उगवे. त्यावर फरशी आणि फरशीवर देणगीदारांची नावे आली, तेथे पार संपला आणि थडगे सुरू झाले.

नाशिककरांनी झाडांसाठी आवाज उठवला नाही असे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेच्या आसपास झाडे तोडण्याची गोष्ट निघाली, तेव्हा माणसे रस्त्यावर आली, आणि ते योग्यच झाले. त्यावर ‘एकाच्या बदल्यात कित्येक लावू’ असे आश्वासन मिळाले, तेही नेहमीप्रमाणेच. महाराष्ट्रात शहरी भागांसाठी १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरवले. साठ वर्षांच्या चिंचेबद्दल साठ रोपे. साठ रोपट्यांच्या मुळांची, पानांची आणि साठवलेल्या पिष्टाची बेरीज एका चिंचेएवढी होईल असे समजणारा गणिती कोण, हे मला कळलेले नाही. पण त्याच १९७५ च्या कायद्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या पाहा. कापण्याबरोबर जाळणे आणि कोणत्याही अन्य प्रकारे झाडाला इजा करणे हेही तीत येते. कायदा शहाणा निघाला. दिल्लीत हरित लवादाने २०१३ साली झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच न्यायाने. कुऱ्हाडीविरुद्ध मोर्चा निघतो, सिमेंटविरुद्ध निघत नाही, याचे कारण कायद्यात नाही. कुऱ्हाडीचा आवाज होतो, एवढेच.

मोर्चा काढा असेही मी म्हणत नाही. दिंडोरीत आणि आसपासच्या गावांत आज जी मोठी झाडे उभी आहेत, त्यांतल्या पुष्कळांची ठेव अजून संपलेली नाही. बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडताना पहार मुळांवर बसणार नाही एवढे पाहायचे. फोडल्यावर पाचसहा इंच पालापाचोळा पसरायचा आणि त्यावर माती चढवायची नाही. रस्त्याच्या कामात मूळ कापावेच लागले तर जेसीबीच्या दाताने ओढून नव्हे, करवतीने सरळ कापायचे, आणि दोन्ही बाजूंची मुळे एकाच हंगामात कापायची नाहीत. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश भरपूर पाणी द्यायचे, बुंध्याशी नव्हे, पानांच्या घेराच्या कडेला. यातले एकही वाक्य द्राक्षवाल्याला नवीन नाही. गोडी छाटणी उरकली की बागेत मजुरांना दोनचार दिवस उसंत मिळते. एका वडाभोवतीचे सिमेंट काढायला दोन गड्यांना एक दिवस लागतो, आणि पहारी प्रत्येक वस्तीवर आहेत.